बाद ट्यूबचा गणेशोत्सव

भिलाईच्या माणसाला उजेडाचं कौतुक सहजासहजी वाटत नाही. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते इथली पहिली ब्लास्ट फर्नेस सुरू झाली आणि तेव्हापासून पोलाद कारखान्याच्या बाजूचं आभाळ रात्री अधूनमधून नारिंगी होत आलं आहे. नागपूरहून आलेला पाहुणा गच्चीवरून ओरडतो, "अहो, आग लागली वाटतं!" घरचा माणूस पानावरून न उठता सांगतो, "स्लॅग ओतताहेत. तुम्ही भात घ्या." ज्यांच्या खिडकीतून हे रोज फुकट दिसतं, त्यांना दिव्यांच्या माळांचं काय अप्रूप!

तरी मागच्या गणपतीत आमच्या सेक्टरमध्ये गर्दी खेचली ती दोन ट्यूबलाइटांनी. त्याही बाद झालेल्या.

मखराच्या दोन बाजूंना दोन चार फुटी ट्यूब खांबासारख्या उभ्या केलेल्या. पट्टी नाही, चोक नाही, स्टार्टर नाही, वायर तर नाहीच. प्रत्येकीच्या बुडाशी साबणाच्या डबीएवढं एक खोकं. खोक्यावरचं बटण दाबलं की ट्यूब खालून वर निळसर-पांढरी उजळायची. लोक रांगेत येत, उजव्या हातानं बाप्पाला नमस्कार करत आणि डाव्या हातानं मखरामागे वायर चाचपत. एका गृहस्थांनी तर प्रसाद घेताना ट्यूब उचलून तिच्या बुडाखाली पाहिलं. ती त्यांच्या हातातही पेटलेलीच राहिली, तेव्हा त्यांनी ती आधी खाली ठेवली आणि मग पुन्हा एकदा नमस्कार केला. या वेळी ट्यूबला.

हे करणारा मुलगा तिसऱ्या मजल्यावरचा, अकरावीतला, घर तेलुगू. आमच्या गणपतीचा पुढाकार मराठी, ढोल छत्तीसगढी, वर्गणी पंजाबी आणि प्रसादाबद्दलच्या तक्रारी बंगाली, अशी जुनी वाटणी आहे. कारखान्यासाठी देशभरातून माणसं गोळा झाली, तीच गणपतीलाही कामी आली. मराठी माणूस तसा इथं आधीपासून येऊन-जाऊन होता. नागपूरकर भोसल्यांचं सैन्य १७४१ मध्ये छत्तीसगडात शिरलं ते चौथाई घ्यायला. त्यानंतरची मोठी मराठी खेप कारखान्यासाठी झालेल्या १९५५ च्या सोव्हिएत कराराच्या पाठोपाठ आली ती पगार घ्यायला. पहिल्या खेपेनं किल्ले घेतले, दुसरीनं क्वार्टर घेतले. दुसरीचा मुक्काम जास्त टिकला.

तर, त्या खोक्यात काय होतं? नळाच्या प्लास्टिक पाइपाचा बोटभर तुकडा, त्यावर एकाला एक लागून गुंडाळलेली केसासारखी बारीक इनॅमलची तांब्याची तार, तिच्या बुडाशी जाड वायरचे चार-पाच वेढे, एक ट्रान्झिस्टर, एक रेझिस्टर आणि नऊ व्होल्टचा चौकोनी सेल. बस. रिवाइंडिंगवाल्याकडे ही तार वजनावर मिळते. दुकानदारानं "पंख्याची का मोटरची?" असं विचारल्यावर "गणपतीची" म्हटल्यामुळे थोडी जास्त मिळाली, असं ऐकलं.

काम असं चालतं. बारीक तारेच्या कॉइलला स्वतःची एक आवडती वारंवारता असते, सेकंदाला काही लाख ते काही दशलक्ष कंपनांच्या घरातली. ट्रान्झिस्टर त्या कॉइलकडूनच ताल घेतो आणि त्याच तालावर तिला ढकलत राहतो. प्रत्येक ढकलणीबरोबर व्होल्टेज साठत जातं आणि नऊ व्होल्टवर सुरू झालेली गोष्ट कॉइलच्या वरच्या टोकाला शेकडो-हजारो व्होल्टवर पोचते. भोवतीच्या हवेत जे विद्युतक्षेत्र तयार होतं, ते काचेच्या आत सहज शिरतं. ट्यूबमध्ये पाऱ्याची वाफ असते; ती चेतली की अतिनील किरण सोडते, आणि काचेला आतून लावलेली पांढरी पूड त्या किरणांचा दिसणारा उजेड करते. यात फिलामेंटचा संबंध कुठेच येत नाही. म्हणूनच घराघरातल्या माळ्यांवर, दोन्ही टोकं काळी पडलेल्या, फेकायच्या कुठे या प्रश्नापायी वर्षानुवर्षं सांभाळलेल्या ट्यूबा अचानक उपयोगी पडल्या. बाद होतं ते फिलामेंट. वायू आणि पूड ठणठणीत असतात. सेवानिवृत्तांच्या आमच्या वसाहतीला ही बातमी विशेष आवडली.

निकोला टेस्लानं हेच २० मे १८९१ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया कॉलेजात करून दाखवलं होतं. छताला जस्ताचे दोन पत्रे टांगलेले, ते उच्च वारंवारतेच्या कॉइलला जोडलेले, आणि मधे उभा चौतीस वर्षांचा टेस्ला, हातात विनातारेच्या उजळलेल्या काचनळ्या. महिना उलटताच त्याला या दिवाबत्तीचं पेटंटही मिळालं. पण दुकानात विकत मिळणारी फ्लुरोसंट ट्यूब यायला १९३८ उजाडावं लागलं. टाळ्या आणि माल यांच्यातलं अंतर सत्तेचाळीस वर्षांचं. शोधकांनी हा आकडा भिंतीवर लावून ठेवावा.

आता आमच्या मंडपातल्या टाळ्यांकडे. दुसऱ्या दिवशी समितीची बैठक बसली आणि तिच्यापुढे एक क्रांतिकारक प्रस्ताव आला: एवढ्याशा सेलवर चार फुटी ट्यूब पेटते, तर आख्खा मंडप याच पद्धतीनं का उजळू नये? पुढच्या वर्षी विजेचा खर्च शून्य. एक सभासद त्याच्याही पुढे गेले. क्वार्टरमध्येही हेच बसवू म्हणाले. त्यांचे डोळे चमकत होते. उजेडाचा तेवढाच एक खात्रीचा स्रोत त्या वेळी तिथं होता, कारण नेमके तेव्हाच लाइट गेले होते.

माझे मामा प्लांटच्या इलेक्ट्रिकल विभागातून चार्जमन म्हणून निवृत्त झालेले. ते बैठकीत सहसा बोलत नाहीत, चहा येईपर्यंत थांबतात. चहा आला, मागोमाग लाइटही आले. त्यांनी मुलाला विचारलं, "बेटा, ये है क्या?"

"अंकल, स्लेयर एक्साइटर."

"नाम अच्छा है. खाता कितना है?"

मुलगा प्रामाणिक निघाला. मीटर लावून बघून सांगितलं, दोनशे मिलीअँपिअरच्या आसपास. म्हणजे नऊ व्होल्टवर दोन वॅटच्या थोडं खाली. सभासदांनी मामांकडे विजयी नजरेनं पाहिलं. दोन वॅट! घरातली ट्यूब चाळीस खाते!

मामांनी मंडपातले बाकीचे दिवे बंद करवले, आरतीसंग्रह उघडला आणि अध्यक्षांच्या हातात दिला. "वाचा."

अध्यक्षांनी चष्मा लावला, काढला, पुस्तक ट्यूबला टेकवलं, मग ट्यूब पुस्तकाला टेकवली. त्यांना मुखपृष्ठावरचा गणपती ओळखता आला. आरत्या त्यांना पाठ असल्यानं त्यांनी वाचल्याचं नाटक छान केलं, पण मामांनी पान मधेच उलटलं आणि अध्यक्ष दुसऱ्याच देवाच्या आरतीच्या पानावरून गणपतीची आरती म्हणताना पकडले गेले.

या सगळ्या प्रकारात डोळा हा सर्वांत लबाड साक्षीदार. अंधारात तो इतका उदार होतो की शंभरपट कमी उजेडालाही "पेटली, पेटली!" म्हणतो. ट्यूब पेटणं आणि ट्यूबनं उजेड देणं या दोन वेगळ्या नोकऱ्या आहेत. छत्तीस वॅटची चांगली ट्यूब तीन हजारांवर ल्युमेन देते. मेणबत्ती देते साधारण बारा. दोन वॅटच्या कॉइलवरची ट्यूब या दोघींच्या मधे कुठेतरी असते, आणि मेणबत्तीकडून मोजायला सुरुवात केलेली बरी. शिवाय त्या दोन वॅटमधलाही मोठा हिस्सा ट्रान्झिस्टर तापवण्यात जातो. मुलानं त्याला ॲल्युमिनियमचा पत्रा उगाच जोडला नव्हता.

मग सेलचा हिशेब. तो मामांनी आमंत्रणपत्रिकेच्या पाठीवर केला. नऊ व्होल्टच्या चांगल्या अल्कलाइन सेलमध्ये चार-पाच वॅट-तास वीज असते. एक युनिट म्हणजे हजार वॅट-तास. म्हणजे एका युनिटला दोनशेहून जास्त सेल. एक सेल कितीला येतो, हे मामांनी विचारलं नाही. खजिनदारांनी स्वतःच पत्रिका घडी घालून खिशात टाकली.

तरी बैठक संपेना, कारण अध्यक्षांचे जावई नागपूरहून आलेले होते. प्रत्येक शहरात एक जावई असा असतो, ज्याला फुकटच्या विजेचं गुपित कळलेलं असतं आणि तेल कंपन्या त्याच्या मागावर असतात. या कॉइलमधून घातल्यापेक्षा जास्त ऊर्जा बाहेर येते, हे त्यांनी स्वतः मोजलं होतं. मल्टिमीटरवर. मामांनी त्यांचाच मल्टिमीटर मागून घेतला, एसीच्या रेंजवर ठेवला आणि त्याच्या दोन्ही वायरी कशालाही न जोडता कॉइलजवळ हवेत नुसत्या लोंबत ठेवल्या. मीटरनं भराभर आकडे दाखवले. "हे कशाचं माप?" मामांनी विचारलं. पन्नास हर्ट्झसाठी बनवलेल्या साध्या मीटरला लाखांच्या घरातली वारंवारता दाखवली की तो गोंधळतो आणि गोंधळलेला मीटर आकडे देणं थांबवत नाही. या बाबतीत तो माणसासारखाच. जावई म्हणाले, मीटर खराब असेल. सासरचा मान म्हणून विषय तिथंच थांबला.

खरं तर मामांचा राग कॉइलवर नव्हताच. राग होता तो टाळ्या चुकीच्या पत्त्यावर गेल्याचा. त्यांचं म्हणणं असं की लहान कॉइल, उच्च वारंवारता आणि अनुनाद या तिन्ही गोष्टी वापरून ट्यूब काटकसरीनं पेटवणारं यंत्र आपल्या सर्वांच्या भिंतीवर कित्येक वर्षं होतं आणि त्याला कुणी साधा नारळसुद्धा फोडला नाही. त्याचं नाव इलेक्ट्रॉनिक चोक.

त्याआधीचा लोखंडी चोक ज्यांनी पाहिला आहे त्यांना वेगळं सांगायला नको. हातात घेतला तर वजनानं भिलाईचाच वाटणारा, रात्रभर हूं-हूं करणारा, आणि चाळीस वॅटच्या ट्यूबमागे दहा-बारा वॅट स्वतःच्या अंगात गरम करून जिरवणारा. त्याच्या जोडीला स्टार्टर. संध्याकाळी घरोघर एकदम दिवे लागले की व्होल्टेज बसायचं, आणि ट्यूब फक्त दोन्ही टोकांना लाल होऊन फडफडायची. मग घरातलं कर्तृत्व जागं व्हायचं. वडील स्टुलावर. आई स्टूल धरून. आजोबा खुर्चीतून "फिरव, फिरव, अजून थोडी फिरव" असं सांगत. ट्यूब खाचेत एका विशिष्ट कोनात बसली की पेटते, अशी प्रत्येक घराची श्रद्धा होती आणि तो कोन प्रत्येक घराचा वेगळा होता. ते साधलं नाही तर स्टार्टर काढून पुन्हा घालायचा, तेही नाही तर झाडूच्या दांड्यानं पट्टीवर एक टोला. टोल्यानं ट्यूब पेटली की मारणाऱ्याला इलेक्ट्रिशियन म्हणायचे.

एवढं करून पेटलेली ती ट्यूब प्रत्यक्षात सेकंदाला शंभर वेळा विझायची. पन्नास हर्ट्झचा प्रवाह दर अर्ध्या फेरीत शून्यावर येतो, आतला ज्वलंत वायू थंडावतो आणि पुन्हा पेटवावा लागतो. घरात ते जाणवत नाही, लेथवर जाणवतं. फिरणारा चक त्या लुकलुकीच्या तालात आला की थांबल्यासारखा किंवा उलटा सावकाश फिरल्यासारखा दिसतो, आणि थांबलेल्या वस्तूला हात लावायची माणसाला खोड असते. म्हणून कारखान्यांत शेजारशेजारचे दिवे वेगवेगळ्या फेजवर टाकतात. एक विझतो तेव्हा दुसरा जागा असतो. मामांनी ही वाटणी करण्यात नोकरीची उमेदीची वर्षं घातली. घरी मात्र मामींना ते एवढंच सांगत, "दिवे लावून आलो."

इलेक्ट्रॉनिक चोकनं ही सगळी वरात थांबवली. तो पन्नास हर्ट्झची वीज आधी सरळ करतो आणि मग दोन ट्रान्झिस्टरांच्या आलटापालटीनं तिला सेकंदाला वीस ते पन्नास हजार वेळा हलवतो. इतक्या वेगात वायूला विझायला सवडच मिळत नाही. तो पेटलेलाच राहतो, आणि तेवढ्याच विजेत ट्यूब साधारण दहा टक्के जास्त उजेड देते. वारंवारता वाढली की कॉइलही लहान पुरते. किलोभर लोखंडाचं काम बोराएवढ्या फेराइटच्या गाभ्यावर होतं. आणि खरी गंमत सुरुवातीच्या क्षणाची. ट्यूबच्या एकीकडे कॉइल, ट्यूबला समांतर एक छोटा कपॅसिटर. ट्यूब थंड असताना हे दोघं अनुनादात येतात आणि व्होल्टेज कित्येक शेकड्यांपर्यंत चढवतात. वायू पेटला की ट्यूब स्वतःच त्या दोघांमध्ये आडवी पडून अनुनाद मोडते आणि कॉइल गुपचूप प्रवाह आवरायच्या कामाला लागते. झाडू नको, स्टूल नको, आजोबा नकोत. म्हणूनच कदाचित त्याचं कौतुक झालं नाही. ज्या यंत्राला घरातल्या कुणाच्या सल्ल्याची गरज पडत नाही, त्याबद्दल घरात बोलायला काही उरत नाही.

हेच सगळं गुंडाळून बुडात बसवलं की झाला सीएफएल. २००९ मध्ये केंद्र सरकारनं बचत लॅम्प योजनेत साध्या बल्बच्या बदल्यात तो पंधरा रुपयांत द्यायचं ठरवलं. पुढे सीएफएलही भराभर मरायला लागले, पण गमतीशीर पद्धतीनं: काहींची नळी फुटायची आणि सर्किट जिवंत राहायचं. इकडे माळ्यावरच्या चार फुटी ट्यूबांची नळी धड, फिलामेंट गेलेलं. इथल्या सुपेला भागातल्या दुरुस्तीवाल्यांनी, आणि आमच्या मामांनीही, एकाचं सर्किट दुसऱ्याला जोडून टाकलं. ट्यूबच्या प्रत्येक टोकाच्या दोन पिना एकत्र बांधायच्या, सीएफएलच्या चार वायरींपैकी दोन-दोन त्यांना द्यायच्या, की बाद ट्यूब लख्ख पेटते. वाचता येईल इतकी लख्ख. धड एकाचं आणि शिर दुसऱ्याचं लावून संसार पुढे चालवण्याची आपल्याकडे फार जुनी आणि पूज्य परंपरा आहे. मखरात तिचं दैवत बसलेलंच होतं. अर्थात गरम फिलामेंटाविना अशी ट्यूब धक्क्यानंच सुरू होते, टोकं लवकर काळी पडतात, आणि हे उघड्या वायरींचं काम मुलांच्या हाती द्यायचं नाही. मुलाच्या नऊ व्होल्टच्या खेळण्यात आणि यात तोच फरक आहे: त्यानं फार तर बोटावर सुईच्या टोकाएवढा पांढरा चटका बसतो, हे थेट दोनशे तीसवर चालतं.

त्या खेळण्याचा खरा शेवट मामींनी केला. संध्याकाळी त्या मंडपाला लागूनच्या आपल्या स्वयंपाकघरात आकाशवाणी रायपूर लावतात. कॉइल सुरू झाली की रेडिओतून बातम्यांऐवजी खरखर. रेडिओचा मध्यम लहरींचा पट्टा ५३१ ते १६०२ किलोहर्ट्झचा, आणि कॉइलही त्याच गल्लीत राहणारी. म्हणजे मुलानं ट्यूब पेटवली नव्हती, बिनपरवान्याचं एक रेडिओ केंद्र काढलं होतं, ज्याच्यावर रात्रंदिवस एकच कार्यक्रम चालू. मामी मंडपात आल्या, दोन्ही सेल काढून पदराच्या गाठीला बांधले आणि परत गेल्या. समितीचा कोणताही ठराव इतक्या लवकर अमलात आल्याचं आठवत नाही.

माझं मत विचाराल तर दोघंही बरोबर होते. अकरावीतल्या मुलाला बिनतारेची ट्यूब हातात धरल्यावर जो आनंद होतो, तो ल्युमेनमध्ये मोजू नये. पुढे तो जे काही शिकेल त्याची ती पेटण्याची जागा आहे. पण काटकसर म्हणाल तर ती मामांच्या चोकात होती, आणि आता तीही जुनी झाली. ५ जानेवारी २०१५ ला एलईडीची उजाला योजना आली, वीस वॅटच्या एलईडी ट्यूबनं चाळीसवाली हटवली. पाऱ्याच्या वापराला आळा घालणाऱ्या मिनामाटा कराराच्या सदस्य देशांनी २०२३ मध्ये जिनिव्हाला ठरवलं आहे की सरळ फ्लुरोसंट ट्यूबांचं उत्पादन आणि आयात-निर्यात २०२७ पर्यंत बंद व्हावी. भारतानं २०१८ मध्येच या करारावर मान्यतेची मोहोर उठवली आहे. टेस्लाच्या हातात उजळलेली गोष्ट आपल्या डोळ्यांदेखत निवृत्त होते आहे. तिला निरोपसमारंभ, शाल-श्रीफळ काही मिळणार नाही.

तेव्हा माळा आवरायला काढलात तर एवढं करा. घरात अकरावीतलं कुणी असेल तर त्याच्यासाठी एक बाद ट्यूब राखून ठेवा. कॉइल चालू असताना पेसमेकर बसवलेल्या माणसाला आणि मोबाइलला जवळ येऊ देऊ नका. बाकीच्या ट्यूबा फोडू नका, घंटागाडीत ओल्या कचऱ्यावर टाकू नका. आत पारा आहे आणि २०१६ च्या नियमांपासून त्या ई-कचऱ्यात मोडतात, त्यामुळे त्या गोळा करणाऱ्या केंद्रावर अखंड द्या. आणि जुने लोखंडी चोक सापडले तर भंगारवाल्याला लोखंडाच्या भावानं देऊ नका. जुन्या चांगल्या चोकांत आत तांबं असतं.